बिझनेस सेंट्रलच्या पेजवर ‘फोटो काढा’ बटन बसवायचंय? पहिल्यांदा करताय तर हे वाचा

टेम्पो लागतो, खोकी उतरतात, त्यातलं एक कोपऱ्यात चेपलेलं असतं. स्टोअरवाला खिशातून मोबाईल काढतो, फोटो मारतो आणि व्हॉट्सॲपवर परचेसच्या ग्रुपला टाकतो. तीन आठवड्यांनी सप्लायर म्हणतो आमच्याकडून माल ठणठणीत निघाला होता, डेबिट नोट (खराब मालाचे पैसे कापल्याचा कागद) मान्य नाही, पुरावा दाखवा. आता तो फोटो शोधा. ग्रुपवर मधल्या काळात दोनशे गुड मॉर्निंग येऊन गेलेत, ज्याने फोटो काढला तो पोरगा नोकरी सोडून गेलाय आणि त्याच्या मोबाईलबरोबर फोटोही गेलाय. चाकण, भोसरी, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत जा, ही गोष्ट सगळीकडे सारखीच ऐकायला मिळते.

उपाय सोपा आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये परचेस ऑर्डर आहे त्याच पानावर कॅमेऱ्याचं बटन द्यायचं, म्हणजे फोटो ऑर्डरलाच चिकटून राहतो. मी रोज मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सेंट्रलवर (कंपनीची खरेदी-विक्री, स्टॉक आणि हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) काम करतो म्हणून उदाहरण त्याचंच घेतोय. डेन्मार्कमधलं जुनं नेव्हिजन २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, त्याचाच हा आजचा अवतार, २०१८ पासून या नावाने चालतोय. पुण्यात यावर काम करणारी भरपूर मंडळी आहेत, दर वर्षी नवीन पोरं जॉइन होतात आणि पहिल्या महिन्याभरात कोणी ना कोणी विचारतंच, ‘सर कॅमेरा कसा उघडायचा?’

कॅमेरा उघडणं म्हणजे खरंतर एका ओळीचं काम आहे. डोकं लावायचं ते फोटो कुठे टांगायचा यावर. म्हणून आधी ते बघू, कोड नंतर.

एक सांगून ठेवतो, सगळी नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत. कोडमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग लागणार, पण पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की व्हीएस कोड (ज्यात आपण कोड लिहितो तो एडिटर) पूर्ण नाव स्वतःच सुचवतं, त्यामुळे अडणार नाही.

पाऊल १ : फोटो कशाचा आणि कोणाच्या गळ्यात

कॉम्प्युटर बंद ठेवा आणि आधी स्टोअरमध्ये जाऊन अर्धा तास उभे राहा. गंमत करत नाहीये. माल उतरताना माणूस काय करतो ते बघा. त्या क्षणी त्याच्यासमोर ऑर्डरच्या ओळी नसतात, खोकी असतात आणि हातात डिलिव्हरी चलान असतं. कुठलं खोकं कुठल्या ओळीतलं हे तो नंतर जुळवतो. म्हणून मी बटन ऑर्डरच्या ओळीवर न देता वरती हेडरलाच, म्हणजे ऑर्डरच्या वरच्या मुख्य भागाला, देतो. ओळीवर दिलं तर कागदावर जास्त नीटनेटकं दिसतं हे खरं, पण मोबाईलवर आधी ओळ शोधा, मग तिचा मेनू उघडा, मग बटन शोधा, एवढं कोणी करत नाही, माणूस परत व्हॉट्सॲपवर जातो.

आता साठवण. बिझनेस सेंट्रलमध्ये चित्रासाठी दोन प्रकारची फिल्ड मिळतात, मीडिया आणि मीडियासेट. मीडियात एक चित्र, मीडियासेटमध्ये अनेक. नवीन माणसाला वाटतं चला, परचेस हेडरला एक मीडियासेट फिल्ड जोडू, झालं काम. थांबा. दोन अडचणी आहेत.

पहिली, मीडियासेटमध्ये दहा फोटो गेले तरी कुठला कधी काढला, कोणी काढला, त्यावर शेरा काय, हे लिहायला जागा नाही. भांडण झालं की नेमकं तेच लागतं.

दुसरी जास्त वाईट आहे. परचेस ऑर्डर पूर्ण रिसीव्ह होऊन पूर्ण इन्व्हॉइस झाली की ती ऑर्डर सिस्टीममधून निघून जाते. मागे राहतात पोस्टेड रिसीट आणि पोस्टेड इन्व्हॉइस. म्हणजे फोटो ऑर्डरवर टांगला असेल तर ऑर्डरबरोबर तोही नजरेआड, आणि सप्लायरचं पत्र येतं ते बिल पोस्ट झाल्यावरच! माझ्या पहिल्या वेळी हे डेमोत अजिबात कळलं नाही कारण डेमोत कोणी इन्व्हॉइसपर्यंत जातच नाही.

म्हणून सरळ स्वतःचं वेगळं टेबल करायचं, एका फोटोला एक रेकॉर्ड. त्यात एंट्री नंबर, ऑर्डर नंबर, फोटो, शेरा, वेळ, युजर. ऑर्डर गेली तरी हे टेबल जागेवर राहतं, आणि पोस्टेड रिसीटच्या हेडरमध्ये मूळ ऑर्डर नंबर असतोच, त्यावरून फोटो परत सापडतात.

हे आत्ताच का ठरवायचं, तर फिल्डचा प्रकार नंतर सहज बदलता येत नाही. सॅन्डबॉक्समध्ये (चाचणीची वेगळी प्रत) फोर्स सिंक करून डेटा उडवून पुढे जाता येतं, प्रॉडक्शनमध्ये (जिथे कंपनीचं खरं काम चालतं) डेटा उडवणं परवडत नाही. आज मीडिया ठेवलं आणि सहा महिन्यांनी मीडियासेट हवं म्हटलं तर नवीन फिल्ड आणि डेटा हलवायचा कोड, दोन्ही आले.

पाऊल २ : तयारी

ज्यांनी आधी एक्स्टेंशन, म्हणजे बिझनेस सेंट्रलला जोडायची आपली भर, केलंय त्यांनी हे सोडून द्या. बाकीच्यांसाठी : व्हीएस कोड टाका, त्यात एएल लँग्वेजचं (बिझनेस सेंट्रलची प्रोग्रॅमिंग भाषा) एक्स्टेंशन टाका, कमांड पॅलेटमधून ‘एएल गो’ चालवा, फोल्डर द्या, की रिकामा प्रोजेक्ट तयार. ॲप जेसन फाइलमध्ये नाव, पब्लिशर आणि आयडीची रेंज बघून घ्या, तयार प्रोजेक्टात ती ५०१०० ते ५०१४९ अशी येते. ऑफिसमधल्या दुसऱ्या कोणाचं एक्स्टेंशन त्याच गिऱ्हाइकाकडे त्याच नंबरवर असेल तर पब्लिश करताना भांडण होतं, म्हणून आधी विचारा. मग सिम्बॉल (बिझनेस सेंट्रलमध्ये आधीच असलेल्या टेबल, पेज आणि कोडची माहिती) डाउनलोड करा. हे झाल्याशिवाय कॅमेरा नावाची गोष्ट एडिटरला माहीतच नसते, लाल रेघा येतात आणि नवीन पोरं घाबरतात.

लाँच जेसनमध्ये सुरुवातीला उघडणारं पेज ९३०७ करून ठेवा, ती परचेस ऑर्डरची लिस्ट आहे. दर वेळी एफ५ दाबल्यावर कस्टमरची यादी बघत बसायला नको.

पाऊल ३ : टेबल

नवीन टेबल, आयडी ५०१००, नाव ‘इनवर्ड फोटो’ अशा अर्थाचं काहीही. फिल्ड अशी : एंट्री नंबर इंटिजर, त्याला ऑटोइन्क्रिमेंट ट्रू. ऑर्डर नंबर, कोड प्रकारचा, लांबी २०. फोटो, प्रकार मीडिया. शेरा, टेक्स्ट, लांबी १०० पुरते. वेळ, डेटटाइम. युजर, कोड, लांबी ५०. प्रायमरी की एंट्री नंबरवर, आणि ऑर्डर नंबरवर दुसरी की, कारण शोधणार त्यावरूनच.

वेळ आणि युजर पेजवरून भरून घेऊ नका. टेबलच्या ऑन-इन्सर्ट ट्रिगरमध्ये (नवीन रेकॉर्ड टाकताना चालणारा कोड) करंट डेटटाइम आणि युजर आयडी टाकून द्या. पुढे कोणी दुसऱ्या ठिकाणाहून, समजा वेअरहाऊस रिसीटच्या पानावरून, हेच टेबल वापरलं तरी ते आपोआप भरलं जातं.

फिल्ड ग्रुपमध्ये ‘ब्रिक’ नावाचा एक ग्रुप देता येतो, त्यात फोटो, शेरा आणि वेळ टाका. हे विसरू नका. ब्रिक दिलं की लिस्ट टाइल्स व्ह्यूमध्ये बघताना चित्रं दिसतात, नाही दिलं तर फोटोंच्या यादीत फोटो सोडून सगळं दिसतं.

कॅप्शन सरळ मराठीत लिहा. ऑब्जेक्टचं नाव इंग्रजीत राहू द्या, पण बटनावर ‘फोटो काढा’ लिहिलेलं असलं की स्टोअरमधले काका चष्मा न शोधता दाबतात. हे मी स्वतः बघितलंय, ‘कॅप्चर इमेज’ लिहिलं होतं तेव्हा ते माझ्याकडेच बघत उभे राहायचे.

पाऊल ४ : फोटो बघायचं पेज

एक लिस्ट पेज, सोर्स टेबल आपलं वरचं. रिपीटरमध्ये (यादीच्या ओळींचा भाग) वेळ, युजर, शेरा. एक कार्ड पेज, त्यात फोटो मोठा दिसेल आणि खाली शेरा. लिस्टला कार्ड पेज आयडी जोडा म्हणजे टाइलवर टॅप केलं की कार्ड उघडतं.

दोन्ही पेजवर इन्सर्ट अलाउड फॉल्स आणि डिलीट अलाउड फॉल्स. शेरा सोडून सगळी फिल्ड एडिटेबल फॉल्स. मीडिया फिल्डला एडिटेबल ठेवलं तर तिथूनच कोणीतरी वेगळं चित्र चढवू शकतं आणि मग पुराव्याला काय अर्थ राहिला. इन्सर्ट अलाउड फॉल्स केल्याने कोडमधून होणारं इन्सर्ट अडत नाही, फक्त हाताने नवीन ओळ टाकता येत नाही, आपल्याला तेच हवंय.

पाऊल ५ : बटन

परचेस ऑर्डरच्या पानाला, म्हणजे पेज ५० ला, पेज एक्स्टेंशन. त्यात दोन ॲक्शन, ‘फोटो काढा’ आणि ‘फोटो बघा’. दुसरी सोपी आहे, रन ऑब्जेक्टमध्ये आपली लिस्ट आणि रन पेज लिंकमध्ये ऑर्डर नंबर बरोबर हेडरचा नंबर.

बटन वरच्या पट्टीत दिसायला हवं. इथे जुने व्हिडिओ बघून फसतात. जुन्या पद्धतीत ॲक्शनलाच प्रमोटेड ट्रू लिहायचे, २०२२ च्या दुसऱ्या रिलीज वेव्हपासून ॲक्शन रेफ नावाची वेगळी पद्धत आली, त्यात प्रमोटेड भागात जाऊन ॲक्शनचा फक्त संदर्भ द्यायचा. एकाच ऑब्जेक्टमध्ये दोन्ही मिसळल्या की कंपायलर ओरडतो. नवीन पद्धतच वापरा.

‘फोटो काढा’ला व्हिजिबल म्हणून एक बूलियन द्या, जो पेजच्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये असेल. ऑन ओपन पेजमध्ये त्याची किंमत कॅमेरा कोडयुनिटच्या (कॅमेऱ्याचा तयार कोड, पाऊल ६ मध्ये येतोय) ‘इज अव्हेलेबल’ वरून भरा. म्हणजे अकाउंट्सच्या डेस्कटॉपवर, जिथे कॅमेराच नाही, तिथे हे बटन दिसणारच नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन, ‘ते नवीन बटन चालत नाहीये.’

पाऊल ६ : कॅमेरा

आता ती एक ओळ. सिस्टीम ॲप्लिकेशनमध्ये ‘कॅमेरा’ नावाचं तयार कोडयुनिट आहे, नंबर १९०७. जुन्या काळी यासाठी डॉटनेटचा कॅमेरा प्रोव्हायडर घेऊन पेजवर इव्हेंट पकडत बसावं लागायचं. आता त्यातलं काही नको, जुन्या कोडमध्ये तसं दिसलं तर कॉपी करू नका.

व्हेरिएबल चार. कॅमेरा कोडयुनिट, एक इनस्ट्रीम (ज्यातून चित्राचा डेटा वाचायचा), चित्राच्या नावासाठी एक टेक्स्ट, आणि आपल्या टेबलचं रेकॉर्ड. ॲक्शनच्या ऑन-ॲक्शनमध्ये क्रम असा ठेवा :

आधी ऑर्डर नंबर रिकामा नाही ना हे टेस्ट फिल्डने बघा.

मग कॅमेऱ्याचं ‘गेट पिक्चर’, त्याला इनस्ट्रीम आणि नाव द्या. हे ट्रू किंवा फॉल्स परत देतं. युजरने मध्येच मागे जाऊन रद्द केलं तर फॉल्स. फॉल्स आलं की गुपचूप एक्झिट, मेसेज वगैरे काही दाखवू नका, त्याने स्वतःच रद्द केलंय, त्याला माहितीये.

ट्रू आलं तर रेकॉर्ड इनिट करा, ऑर्डर नंबर भरा, फोटो फिल्डवर ‘इम्पोर्ट स्ट्रीम’ बोलवा, त्याला इनस्ट्रीम आणि नाव द्या, आणि शेवटी इन्सर्ट ट्रू. ट्रू द्यायचं विसरलात तर ऑन-इन्सर्ट चालत नाही आणि वेळ-युजर कोरे राहतात.

एवढंच. पण हा क्रम मी मुद्दाम फोड करून सांगतोय कारण मी तो उलटा केला होता. मला वाटलं आधी रेकॉर्ड टाकू, एंट्री नंबर हातात येईल, मग फोटो काढून त्यात भरू. कॅमेऱ्याची खिडकी ही मोडल खिडकी असते, म्हणजे ती बंद होईपर्यंत मागचं काम थांबतं, आणि डेटाबेसमध्ये अर्धवट लिहिलेलं असताना बिझनेस सेंट्रल मोडल खिडकी उघडू देत नाही, एरर देतं, आधी ट्रान्झॅक्शन संपवा म्हणतं. मी काय केलं, इन्सर्टनंतर कमिट (तिथपर्यंतचं लिखाण डेटाबेसमध्ये पक्कं करणारी आज्ञा) टाकला. एरर गेली, मी खूश. दोन आठवड्यांनी स्टोअरमधून फोन, ‘साहेब यादीत निम्मे फोटो कोरे आहेत.’ लोक कॅमेरा उघडायचे, अंधार बघून रद्द करायचे, परत उघडायचे, आणि दर वेळी कमिट झालेलं एक कोरं रेकॉर्ड मागे राहायचं. तेव्हापासून नियम, आधी कॅमेरा, मग डेटाबेस. आणि एरर गप्प करण्यासाठी कमिट टाकायची इच्छा झाली तर खुर्चीवरून उठून चहा पिऊन या.

यापेक्षा छोटा रस्ताही आहे, त्याच कोडयुनिटमध्ये ‘ॲड पिक्चर’ म्हणून प्रोसिजर आहे, रेकॉर्ड आणि फिल्ड नंबर दिला की कॅमेरा उघडून फोटो थेट त्या फिल्डमध्ये टाकतं. आयटमचा किंवा एम्प्लॉयीचा एकच फोटो हवा असेल तर मस्त. आपल्याला आधी फोटो आणि मग रेकॉर्ड असं हवंय म्हणून गेट पिक्चर.

फोटोचा आकार. गेट पिक्चरला क्वालिटीचा आकडाही देता येतो, ० ते १००. नवीन माणूस लगेच १०० देतो. हिशोब करून बघा. दिवसाला ४० फोटो, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० फोटो. एक फोटो ३ एमबीचा तर वर्षाला ३६ जीबी. तोच ३०० केबीचा केला तर ३.६ जीबी. ऑनलाइन बिझनेस सेंट्रलमध्ये डेटाबेसला मूळ जागा ८० जीबी आणि वर युजर लायसन्सप्रमाणे थोडी थोडी मिळते, आणि त्यात कंपनीचे सगळे हिशोबही मावायचे असतात. चेपलेलं खोकं दाखवायला फार क्वालिटी लागत नाही. मी ५० पासून सुरू करतो आणि मोबाईलवर लेबलवरचा बॅच नंबर वाचता येतो का तेवढं बघतो. वाचता आला तर तिथेच थांबतो.

पाऊल ७ : पोस्टेड रिसीट

पेज १३६, पोस्टेड परचेस रिसीट. त्याला फक्त ‘फोटो बघा’ द्या, लिंक करताना आपल्या टेबलचा ऑर्डर नंबर बरोबर त्या रिसीटचा ऑर्डर नंबर. रिसीटचा स्वतःचा नंबर नाही, तो वेगळा असतो, इथे हमखास चूक होते आणि लिस्ट रिकामी उघडते.

एका ऑर्डरचा माल तीन टेम्पोत तीन वेळा आला तर तीनही रिसीटवर सगळे फोटो दिसतील. चालतं, वेळेवरून कळतं कुठला कधीचा. काहींना हे आवडत नाही, ते चलान नंबर पण टेबलमध्ये घेतात. घ्यायचा तर घ्या, पण मोबाईलवर टाइप करायला लावलंत की चलान नंबरच्या जागी ‘१’ किंवा एक टिंब येणार हे गृहीत धरा.

पाऊल ८ : परवानग्या, दोन्ही प्रकारच्या

तुम्ही डेव्हलपर, तुमच्याकडे सुपर परवानगी, तुम्हाला सगळं चालताना दिसणार. स्टोअरच्या युजरने दाबलं की ‘परवानगी नाही’. म्हणून परमिशन सेटचा ऑब्जेक्ट एक्स्टेंशनमध्येच बनवा, त्यात टेबल डेटावर वाचणं, टाकणं आणि बदलणं द्या, डिलीट देऊ नका. बदलणं लागतं कारण शेरा नंतर लिहितात, बाकी फिल्ड आपण पेजवर बंद केलीयेतच. टेबल आणि पेजवर एक्झिक्यूट द्या. आणि चाचणी सुपर नसलेल्या युजरने लॉगिन करूनच करा, यात आळस नको.

दुसरी परवानगी मोबाईलची. ॲपमधून पहिल्यांदा कॅमेरा उघडताना अँड्रॉइड किंवा आयफोन विचारतो, कॅमेरा वापरू द्यायचा का. घाईत माणूस ‘नाही’ दाबतो आणि मग काही केल्या कॅमेरा उघडत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्यांत जाऊन चालू करावं लागतं. ब्राउझरमध्ये तेच, ॲड्रेस बारजवळच्या चिन्हावरून. आणि सर्व्हर कंपनीतच असेल आणि साइट नुसत्या एचटीटीपीवर चालत असेल तर ब्राउझर कॅमेरा देतच नाही, एचटीटीपीएस हवंच. यात तुमच्या कोडची काही चूक नसते, आयटीवाल्यांकडे सर्टिफिकेट मागा.

पाऊल ९ : खऱ्या मोबाईलवर, खऱ्या जागी

लॅपटॉपच्या कॅमेऱ्याने स्वतःचा चेहरा काढून ‘टेस्टेड ओके’ लिहू नका. ॲपमध्ये सॅन्डबॉक्स उघडलाय याची खात्री करा, बटन दिसत नाही म्हणून तासभर डोकं खाजवणारे निम्मे लोक चुकून प्रॉडक्शनमध्ये असतात.

मग गोडाऊनच्या आतल्या टोकाला जा. बिझनेस सेंट्रलचं मोबाईल ॲप ऑफलाइन चालत नाही, नेट लागतंच, आणि लोखंडी रॅकच्या मागे वायफाय मरतं. फोटो निघतो, ‘वापरा’ दाबतात, आणि चक्र फिरत राहतं. सहा-सात वेळा असं झालं की लोक बटनावरचा विश्वास काढून घेतात आणि तो परत येत नाही. आमच्या एका जागी शेवटी ठरलं की फोटो उतरवण्याच्या दारापाशीच काढायचे, तिथे एक ॲक्सेस पॉइंट बसवला आणि वर एक ट्यूबलाइट. ट्यूबलाइटने जेवढा फरक पडला तेवढा माझ्या कोडने पडला नसेल.

नेट गेलंच तर दुसरी सोय म्हणून ‘गॅलरीतून घ्या’ अशी तिसरी ॲक्शन देता येते. त्यात गेट पिक्चरच्या जागी ‘अपलोड इनटू स्ट्रीम’, बाकी सगळं तेच. म्हणजे माणूस फोनच्या कॅमेऱ्याने काढून ठेवतो आणि रेंजमध्ये आल्यावर चढवतो. पण यात जुना फोटो नवीन म्हणून चढवता येतो हे मालकाला आधी सांगा, आमच्याकडे एका मालकाने ऐकून सरळ ‘नको’ म्हटलं. तुम्ही दिलंत तर टेबलमध्ये कॅमेरा की गॅलरी असं एक ऑप्शन फिल्डही ठेवा.

हातमोजे घातलेले असतील तर टॅप लागत नाही, फोनमध्ये ग्लोव्ह मोड आहे का बघा.

पाऊल १० : फोटोत काय येऊ नये

फोटोत ड्रायव्हर येतो, माथाडी कामगार येतात, कधी गेटवर घेतलेलं आधार कार्डही येतं, कारण बटन आहे म्हटल्यावर लोक त्यातच सगळं काढायला लागतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये आलाय, लागणार नाही ती माहिती गोळाच करू नका. टेबलच्या फिल्डला डेटा क्लासिफिकेशन असतं, ते ‘टू बी क्लासिफाइड’वर सोडून देऊ नका. फोटोला कस्टमर कंटेंट, युजरच्या फिल्डला एंड युजर आयडेंटिफायेबल. कंपायलर यावर अडवत नाही म्हणून सगळे सोडतात.

आणि तो डिलीट नसलेला परमिशन सेट आठवतोय? आधार कार्ड चुकून गेलंच तर ते काढायला कोणीतरी हवं. एक वेगळा परमिशन सेट स्टोअर मॅनेजरसाठी, त्यात डिलीट, आणि फक्त त्याच्यासाठी एक काढून टाकायची ॲक्शन.

पाऊल ११ : प्रॉडक्शन

व्हीएस कोडमधून एफ५ ने सॅन्डबॉक्समध्ये टाकलेलं एक्स्टेंशन कायमचं नसतं, मायक्रोसॉफ्टचा मोठा अपडेट आला की ते उडून जातं. गिऱ्हाइकाला सॅन्डबॉक्समध्येच वापरायला देऊन बसलात तर एका सकाळी बटन गायब. प्रॉडक्शनमध्ये एक्स्टेंशन मॅनेजमेंटच्या पानावरून ॲप फाइल अपलोड करा, पुढचं व्हर्जन टाकताना ॲप जेसनमधला व्हर्जन नंबर वाढवा, नाहीतर घेत नाही.

पहिल्या दिवशी स्वतः हजर राहा. दाराशी एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात : पहिला फोटो लांबून, खोकं आणि लेबल दोन्ही दिसेल असा. दुसरा जवळून, जिथे लागलंय तिथला. तिसरा टेम्पोच्या नंबर प्लेटसकट मागून. नुसत्या चेपलेल्या पुठ्ठ्याच्या क्लोजअपला सप्लायर म्हणतो हे आमचं खोकंच नाही, आणि खरंच त्या फोटोवरून सांगता येत नाही. कागद लॅमिनेट करून घ्या, पावसाळ्यात दाराशी टिकत नाही.

आणि त्या दिवशीच एक छोटी ऑर्डर रिसीव्ह करून, इन्व्हॉइस पोस्ट करून, पोस्टेड रिसीटवर जाऊन ‘फोटो बघा’ दाबा, परचेसवाल्या मॅडमना शेजारी बसवून. तिथे फोटो दिसले की मग ग्रुपवर टाका, उद्यापासून इथे फोटो टाकू नये.